चायनीज गाडी आणि चिनी शेजारी

वर्गात आलेला प्रश्न

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येतात. त्या सकाळी एस.टी.ने कल्याणला जातात, बाजारात भाजी विकतात, आणि संध्याकाळी घरी येऊन, जेवणखाण उरकून वर्गाला बसतात. एके दिवशी त्यांचे लक्ष पाटीवर नव्हते. मी विचारले, "काय झाले, मावशी?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, एक इचारू का? स्टँडाजवळ ती लाल गाडी हाय ना, चायनीजची? काल नातवासाठी भेळ बांधून घेत व्हते. गाडीवर एक पोरगा काम करतो. बारीक डोळ्यांचा, गोरा. लई गुणाचा हाय. मला 'आमा' म्हणतो. काल एकानं पोटभर खाल्लं. मग पैशावरनं बोलाचाली झाली. तो माणूस पोराला म्हणाला, 'ए चिन्या, जा तुझ्या देशात!' पोरगा काही बोलला न्हाई. कढई हलवत राहिला. पण त्याचे डोळे भरले व्हते. गुरुजी, तो पोरगा खरंच चिनी हाय का? आन् ती भेळ तरी चिनी हाय का?"

वर्ग गप्प झाला. प्रश्न दोन होते, आणि दोन्ही चांगले होते. त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला. तेव्हा जे बोलणे झाले, तेच इथे लिहून काढले आहे.

भेळ चिनी आहे का?

आधी सोपा प्रश्न घेऊ. ठाणे, डोंबिवली, कल्याण, कुठेही जा. संध्याकाळ झाली की रस्त्याच्या कडेला चायनीजच्या गाड्या लागतात. मोठा जाळ, त्यावर लोखंडी कढई, आणि कढईत कोबी, ढोबळी मिरची, कांद्याची पात. आपण म्हणतो, "चला, चायनीज खाऊ."

पण चायनीज भेळ चीनमध्ये कोणी खात नाही. ती आपल्याकडचीच आहे. तळलेल्या नूडल्स घ्यायच्या, त्यावर चिरलेला कोबी आणि तिखट लाल चटणी घालायची, आणि आपल्या भेळेसारखे कालवायचे. नूडल्स चीनच्या, कालवणे आपले.

मंचुरियनचेही तसेच. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येकडचा मुलूख. पण तिथल्या लोकांना हा पदार्थ ठाऊक नाही. तो मुंबईत जन्मला. नेल्सन वाँग नावाचे एक चिनी वंशाचे आचारी होते. त्यांचा जन्म कोलकात्याचा. १९७५ च्या सुमारास ते मुंबईच्या क्रिकेट क्लबात स्वयंपाक करीत. एका गिऱ्हाइकाने काही नवे मागितले. वाँग यांनी आले, लसूण, हिरवी मिरची घेतली. म्हणजे सुरुवात आपल्या घरच्यासारखी केली. पुढे मात्र गरम मसाल्याच्या ऐवजी सोया सॉस घातला, आणि मक्याचे पीठ लावून रस दाट केला. कोंबडीचे मंचुरियन तयार झाले, अशी हकीकत सांगतात. पुढे कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला, कोबी आला, आणि मंचुरियन गावोगाव पोहोचले.

मग यात चिनी काय? सोया सॉस चिनी. सोयाबीन आणि गहू मिठाच्या पाण्यात कित्येक महिने मुरवतात, तेव्हा तो काळा रस तयार होतो. आपण लोणचे मुरवतो ना, त्यातलाच प्रकार. मोठ्या जाळावर झटपट परतण्याची रीत चिनी. नूडल्स चिनी. चिमूटभर घालतात तो अजिनोमोटो मात्र जपानचा. १९०८ साली इकेडा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने समुद्रातल्या शेवाळापासून ती चव शोधून काढली. आणि मिरची? ती ना चीनची, ना आपली. ती अमेरिका खंडातून सुमारे चारशे-पाचशे वर्षांपूर्वी जहाजांतून इकडे आली.

म्हणजे पाहा, एका बशीत किती देश आले. कोणी कोणाला "तुझ्या देशात जा" म्हणाले नाही. सगळे एकत्र नांदले, म्हणून तर चव आली.

चहा तरी कोणाचा?

एक गडी म्हणाला, "गुरुजी, आपन न्हाई चायनीज खात. आपला चहा बरा."

सगळे हसले, कारण मी हसलो. चहा हा शब्दच मुळात चिनी. चीनमध्ये त्याला 'चा' म्हणतात. लोणच्याच्या बरणीला आपण चिनीमातीची बरणी म्हणतो. तशी भांडी करण्याची कला चीनची. कागदही पहिल्याने चीनमध्येच तयार झाला. म्हणजे हे पुस्तक तुमच्या हातात आहे, त्यातही त्या लोकांचा वाटा आहे.

मुंबईचे चिनी लोक

आता माणसांकडे येऊ. चीनमधून आलेली माणसे आपल्या देशात खरोखर राहतात का? राहतात. दोनशेहून अधिक वर्षे राहतात.

सगळ्यांत मोठी वस्ती कोलकात्याची. तिथे त्यांनी कातडी कमावण्याचे कारखाने काढले, चपला-बूट केले, लाकूडकाम केले. काही माणसे मुंबईला आली. मुंबई आणि चीन यांच्यात इंग्रजांच्या काळी मोठा व्यापार होता. इकडून कापूस आणि अफू जाई, तिकडून चहा आणि रेशीम येई. या जहाजांबरोबर चिनी खलाशी आले. गोदीजवळ, माझगावच्या बाजूला राहिले. पुढे कोणी रेशमी कापड विकले, कोणी दातांचे दवाखाने काढले, कोणी खाणावळी घातल्या.

या माणसांतले बरेच जण चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचे. तो मुलूख आपल्या कोकणासारखा. भाताची शेती, खाडी, मासळी. घरात रोज भात आणि मासे. म्हणून मुंबईत त्यांना खाण्यापिण्याचे फार परके वाटले नसेल.

माझगावात त्यांचे एक देऊळ आहे. ते १९१९ साली बांधले. 'सी यप' लोकांचे देऊळ म्हणून ते ओळखतात. सी यप म्हणजे चार तालुके. ज्या चार तालुक्यांतून ही माणसे आली, त्यांचे नाव त्यांनी देवळाला दिले. आपली माणसे मुंबईत गेली की गावाच्या नावाने मंडळ काढतात, तसेच हे.

तुम्हाला ते पाहायचे असेल तर वाट सोपी आहे. कल्याणहून किंवा डोंबिवलीहून धीम्या लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरा. जिना चढून वरच्या फलाटावर हार्बरची गाडी धरा. पुढचेच स्टेशन डॉकयार्ड रोड. तिथून माझगाव जवळ. देऊळ म्हणजे कळस असलेली मोठी इमारत नव्हे. ती एक साधी इमारत आहे, आणि देव वरच्या मजल्यावर आहे. आत लाल रंग, लाल कंदील, आणि उदबत्त्यांचा वास.

देव कोण? त्याचे नाव क्वान यू. तो सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा एक शूर सेनापती. दिलेला शब्द त्याने मोडला नाही, मित्राला अंतर दिले नाही, म्हणून लोकांनी त्याला देव केले. त्याचा चेहरा लाल रंगवतात. आपल्या शेंदरी मारुतीची आठवण व्हावी असा.

चिनी लोकांची दुसरी आवडती देवता क्वान यिन. ती दयेची देवी. तिचे मूळ कुठे आहे, माहीत आहे? आपल्याकडे! बौद्ध धर्मात अवलोकितेश्वर म्हणून दयेची मूर्ती आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत अवलोकितेश्वराची शिल्पे आजही दिसतात. बौद्ध धर्म इथून चीनमध्ये गेला, त्याच्याबरोबर अवलोकितेश्वर गेला, आणि तिकडे लोकांनी त्याला देवीचे रूप दिले. तिकडून नूडल्स आल्या, इकडून देव गेला. देवघेव अशीच असते.

चिनी नवे वर्ष

आपला पाडवा चैत्रात. चिनी नवे वर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान येते. त्यांचे महिने आपल्यासारखेच चंद्रावर चालतात. आपल्याकडे अधिक महिना येतो, तसा त्यांच्याकडेही येतो. बहुतेक वर्षी आपली पौष अमावास्या आणि त्यांचे नवे वर्ष यांत एखाद्या दिवसाचेच अंतर असते.

सणाआधी ते घर झाडून-पुसून लख्ख करतात. पण सणाच्या दिवशी झाडू हातात घेत नाहीत. आलेले दैव झाडले जाईल, अशी समजूत. दारावर लाल कागद लावतात. आदल्या रात्री सगळे कुटुंब एकत्र जेवते. ताटात मासा लागतोच. कणकेच्या पारीत सारण भरून उकडलेले उंडे करतात. दिसायला आपल्या मोदकाचे चुलत भाऊ. फक्त सारण तिखटामिठाचे. थोरले लोक मुलांना लाल पाकिटात पैसे देतात. माझगावच्या देवळात त्या दिवशी दिवे लागतात, उदबत्त्या लागतात. गावोगाव विखुरलेली माणसे एकमेकांना भेटतात.

जिथे वस्ती मोठी, तिथे सिंहाचा नाच होतो. दोन माणसे एकाच सिंहाच्या सोंगात शिरतात. एक डोके हलवतो, दुसरा पाठ. ढोल वाजतो, झांजा वाजतात. आपल्या शिमग्याची सोंगे आठवा, म्हणजे डोळ्यांपुढे चित्र उभे राहील.

एप्रिलच्या सुरुवातीला ते वाडवडिलांच्या थडग्यांवर जातात, ती झाडून साफ करतात आणि अन्न ठेवतात. आपण पितृपंधरवड्यात पान वाढतो. भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास ते पौर्णिमेचा चंद्र पाहतात आणि गोल गोड वड्या वाटून खातात. आपली कोजागरी तशीच.

मावशी म्हणाल्या, "म्हंजे गुरुजी, नावं निराळी, बाकी सगळं आपल्यावानीच की!"

जुनी ओळख

चिनी माणूस आणि मराठी माणूस यांची ओळख आजची नाही. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी युआन श्वांग नावाचा एक चिनी भिक्षू भारतात आला. आपल्या जुन्या पुस्तकांत त्याला ह्यू एन त्संग म्हणत. पुलकेशी राजाच्या काळात तो महाराष्ट्रातही आला. इथल्या माणसांविषयी त्याने लिहून ठेवले आहे. ही माणसे उपकार विसरत नाहीत, अपमान सोसत नाहीत, आणि संकटात सापडलेला कोणी मदत मागायला आला तर स्वतःला विसरून धावून जातात, अशा अर्थाचे ते लिहिणे आहे. एका परदेशी माणसाने आपल्याला दिलेला हा दाखला आहे.

हा दाखला खरा करणारा माणूस आपल्याच महाराष्ट्रात झाला. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. त्यांचा जन्म १९१० साली सोलापूरचा. तेव्हा जपानने चीनवर चढाई केली होती. जखमी सैनिकांचे हाल होत होते. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले. त्यांत सोलापूरचे कोटणीस होते आणि नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते. बाकीचे पुढे परत आले. कोटणीस राहिले. तिथली भाषा शिकले, रात्रंदिवस जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. तिथल्याच एका परिचारिकेशी लग्न केले. मुलगा झाला. त्याच्या नावात भारत आणि चीन या दोन्ही देशांची अक्षरे घातली. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस तिथेच वारले. वय अवघे ३२ वर्षे. चीनमध्ये त्यांची समाधी आहे, पुतळा आहे. सोलापूरला त्यांचे स्मारक आहे.

वाईट दिवस

पुढची गोष्ट सांगताना मन जड होते. पण सांगितली पाहिजे.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आपल्या सीमेवर मोठा हल्ला केला. आपले अनेक जवान बर्फात लढता लढता पडले. देशाला संताप आला. तो येणारच. २१ नोव्हेंबरला लढाई थांबली.

पण त्या संतापात एक अन्याय घडला. भारतात राहणाऱ्या चिनी वंशाच्या माणसांवर संशय घेतला गेला. आसाम, बंगाल आणि आसपासच्या भागांतून सुमारे तीन हजार माणसे धरली. त्यांत म्हातारी होती, बायका होत्या, तान्ही मुले होती. कित्येकांचा जन्म भारतातला. काहींची आई किंवा बायको भारतीय. चीन त्यांनी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. त्यांना आगगाडीत बसवून राजस्थानात देवळी गावच्या छावणीत नेले. त्यांच्यावर ना खटला, ना गुन्हा. लढाई एका महिन्यात संपली. छावणीतून सुटायला मात्र काहींना चार-पाच वर्षे लागली. सुटून आले तर घरे गेलेली, दुकाने गेलेली.

इतर शहरांतल्या चिनी कुटुंबांनाही पोलिसांत हजेरी द्यावी लागे. गावाबाहेर जायचे तर परवाना लागे. शेजारी बोलेनासे झाले. बऱ्याच जणांनी देश सोडला आणि कॅनडासारखे दूरचे मुलूख गाठले. म्हणून आज माझगावच्या देवळात येणारी कुटुंबे थोडी उरली आहेत.

लढाई दोन सरकारांची होती. माझगावच्या दाताच्या डॉक्टराने किंवा कोलकात्याच्या चांभाराने ती केली नव्हती. शत्रूशी लढावे, ते जवानाचे काम. पण चेहरा पाहून शेजाऱ्याला शत्रू ठरवू नये. कोटणीसांना जाऊन तेव्हा वीस वर्षेच झाली होती.

पोरगा चिनी आहे का?

आता मावशींचा पहिला प्रश्न. तो गाडीवरचा पोरगा चिनी आहे का?

बहुधा नाही. आपल्याकडच्या चायनीज गाड्यांवर नेपाळची पोरे काम करतात. दार्जिलिंग, सिक्कीम, आसाम, मणिपूर इकडचीही असतात. दार्जिलिंग, सिक्कीम, अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूर हे सगळे भारतातच आहेत. तिथली माणसे तुमच्या-आमच्याइतकीच भारतीय आहेत. त्यांना "तुझ्या देशात जा" म्हटले तर त्यांनी जायचे कुठे? नेपाळ निराळा देश आहे. पण १९५० साली भारत आणि नेपाळ यांच्यात करार झाला. त्याप्रमाणे नेपाळी माणूस इथे राहू शकतो, कामधंदा करू शकतो. आणि समजा, तो पोरगा खरोखर चिनी वंशाचा असला, तरी काय? इथे घाम गाळून पोट भरणाऱ्या माणसाला हिणवण्याचा हक्क कोणी दिला?

इथे माझीही एक चूक सांगतो. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ पसरू लागली होती. लोकल अजून बंद झाल्या नव्हत्या. माझ्या डब्यात एक मुलगी बसली होती. चेहऱ्यावरून ईशान्येकडची वाटत होती. दोन पोरे तिला "कोरोना, कोरोना" म्हणून चिडवू लागली. ती खाली मान घालून बसली आणि पुढच्या स्टेशनवर उतरून गेली. मी समोर होतो. जन्मभर शाळेत पोरांना दटावले, पण त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला नाही. असे प्रकार देशात इतके झाले की त्याच महिन्यात केंद्र सरकारच्या गृहखात्याला सगळ्या राज्यांना पत्र पाठवून ते थांबवायला सांगावे लागले. युआन श्वांगने दिलेला दाखला त्या डब्यात खोटा ठरला. तो मी खोटा पाडला.

म्हणून सांगतो, असे कानांवर पडले तर गप्प बसू नका. भांडण नको, मारामारी नको. "दादा, असं बोलू नका," एवढे म्हटले तरी पुरे. ज्याला हिणवले त्याच्या मनाला तेवढ्याने आधार मिळतो.

मावशींनी काय केले?

चार दिवसांनी मावशी वर्गात आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, त्या पोराला इचारलं, बाळा, तुझं गाव कोणतं? तो नेपाळचा. डोंगरात गाव हाय. घरी आई हाय, धाकटी बहीण हाय. दोन वर्सं झाली, गेला न्हाई. आन् 'आमा' म्हंजे काय, ठाव हाय का? आमा म्हंजे आई!"

मग त्यांनी पाटी पुढे ओढली. त्या दिवशी त्यांनी नवा शब्द स्वतःच निवडला. 'आमा' असे लिहिले आणि त्याच्यासमोर 'आई' लिहिले.

शब्दांचे अर्थ

वंश : कूळ, घराण्याचे मूळ
भिक्षू : बौद्ध साधू
छावणी : माणसांना एकत्र ठेवण्याची जागा
हिणवणे : कमी लेखून बोलणे
परिचारिका : दवाखान्यातील नर्स

विचार करा आणि लिहा

१. मंचुरियन कोठे तयार झाले? त्यात आपले काय आणि चीनचे काय?
२. माझगावच्या देवळाला 'सी यप' नाव कशावरून पडले?
३. चिनी नवे वर्ष आणि आपला एखादा सण यांत सारखे काय आहे? दोन गोष्टी लिहा.
४. डॉक्टर कोटणीस चीनला का गेले?
५. तुमच्या गावात किंवा बाजारात दूरच्या मुलखातून आलेला कोणी काम करतो का? त्याचे गाव विचारा. तो आईला काय म्हणतो ते विचारा. तो शब्द पाटीवर लिहा.